यांचं स्टोअर कोण बघतो?

गणपतीला गावी जाताना मुंबई-गोवा हायवेवर तीन तास अडकलं की माणसं काय करतात? भांडतात! गेल्या वर्षी आम्हीही भांडलो. फक्त आमच्या भांडणाचा विषय होता अमेरिकेतल्या स्क्रँटन गावात कागद विकणाऱ्या एका कंपनीचा ब्रँच मॅनेजर.

तुम्ही 'द ऑफिस'वाले असाल तर हा पॅरा सोडून द्या. नसाल तर थोडक्यात सांगतो. मूळ मालिका ब्रिटिश, २००१ ची, बीबीसीवरची. तिची अमेरिकन आवृत्ती एनबीसीवर २००५ ते २०१३ अशी नऊ सीझन चालली. (२०१९ मध्ये हॉटस्टारने तिला फरिदाबादलाही आणून बसवलं. आमच्या गँगने दोन एपिसोडनंतर हात जोडले.) कंपनीचं नाव डंडर मिफ्लिन. ब्रँच मॅनेजर मायकेल स्कॉट, त्याच्या डोक्यावर न्यूयॉर्कच्या हेड ऑफिसातली जॅन आणि त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला, तरी त्याच्याच पायाशी घोटाळणारा ड्वाइट. तुमच्या ऑफिसात यातलं कोणीच नसेल, तर तुम्ही नक्की वर्क फ्रॉम होम करताय.

गाडीत आम्ही तिघं होतो. मी, टेस्टिंगमधला मित्र आणि फायनान्समधली मैत्रीण. ऐरोलीच्या ऑफिसात लंचला आमचं हेच चालतं. टेस्टरचं म्हणणं, ड्वाइट गद्दार. २००६ च्या 'द कू' एपिसोडमध्ये तो डेंटिस्टकडे जातो असं खोटं सांगून जॅनला गुपचूप भेटतो आणि मायकेलची खुर्ची मागतो. फायनान्सवाली म्हणते, त्याला भरीला घातलं अँजेलाने. ज्याच्या पोटात काहीच राहत नाही असा माणूस गद्दारी कसली करणार? शिवाय नंतर पाय धरून रडतोच ना! मग विषय वळला हेड ऑफिसकडे. आठवतंय, स्क्रँटनची ब्रँच बंद होणार असते, तेव्हा मायकेल आणि ड्वाइट मोठ्या साहेबाच्या घरासमोर दिवसभर ताटकळतात. साहेब भेटतच नाही. ब्रँच वाचते ती भलत्याच कारणाने. स्टॅमफर्डच्या मॅनेजरला दुसऱ्या कंपनीत मोठी नोकरी मिळते, म्हणून त्याची ब्रँच बंद होते. इकडे हे दोघं खूश, आपणच वाचवली म्हणून. कशी वाचवली, ते मात्र दोघांनाही सांगता येत नाही. 'हाच तर आपला अप्रेजल,' टेस्टर म्हणाला.

महाड मागे पडलं तरी भांडण मिटलं नव्हतं. पोलादपूरला घरी पोचलो. आईने घावन घातले. भाऊबंदांकडच्या आरत्या झाल्या. रात्री माजघरात लॅपटॉप उघडला आणि पुन्हा तेच सुरू. बाबा पलीकडे अडकित्ता घेऊन बसले होते.

बाबांना मालिका म्हटलं की सब टीव्हीवरची 'ऑफिस ऑफिस' आठवते. २००१ मध्ये सुरू झालेली. पंकज कपूरचा मुसद्दीलाल टेबलाटेबलावर फिरायचा आणि उषाजी झालेली आपली आसावरी जोशी त्याला काही दाद लागू द्यायची नाही. बाबा खदखदून हसायचे. "ते टेबलाच्या बाहेरच्या माणसाचं होतं," ते म्हणाले. "हे आतल्यांचं दिसतंय."

आम्ही 'द डिपोझिशन' लावला होता. २००७ चा एपिसोड. फायनान्सवाली बाबांना मराठीत सांगत होती. कंपनीने जॅनला काढलंय, तिने कंपनीवर केस केलीय. मायकेल आता तिचा बॉयफ्रेंड आहे आणि साक्षीदारही. मग कळतं की जॅनने त्याची खासगी डायरी त्याला न विचारता पुरावा म्हणून दिलीय. पुढे हेही कळतं, की कंपनीने त्याला वरच्या पोस्टसाठी कधी मनावर घेतलंच नव्हतं. आणि तरी मायकेल साक्ष देतो कंपनीच्या बाजूने!

"बावळट," मी म्हणालो. जरा जोरातच.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. माझ्या बाबांनी महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं. रोज पहाटे कंपनीच्या बसने जायचे. मी नववीत असताना स्टोअर्स मॅनेजरची जागा निघाली. बाबांना आशा होती, तशीच त्यांच्यासोबतच्या एका काकांनाही. हेड ऑफिसने मुंबईहून तिसराच माणूस पाठवला. काकांचं त्या नव्या साहेबाशी वाजलं, वर्षभरात त्यांना काढून टाकलं. ते कोर्टात गेले. आणि बाबांनी साक्ष दिली. साहेबाने काकांना त्रास दिल्याचं आपण पाहिलं नाही, अशी. काका हरले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याने बाक बदलला. आमच्या घरात यावर कधीही बोलणं झालं नाही. मी मनात एक शब्द ठरवून टाकला होता आणि तो 'बावळट'पेक्षा वाईट होता.

बाबांनी सुपारी कातरायची थांबवली.

"तो कंपनीच्या बाजूने नाही बोलला," ते म्हणाले. "तो फक्त त्या बाईच्या बाजूने नाही बोलला. तिने त्याची वही न विचारता दिली, म्हणून."

"काका, पण रिझल्ट तोच ना?" टेस्टर म्हणाला.

"हो, तोच." मग माझ्याकडे न बघता, "माझंही नाव त्यांनी यादीत घातलं होतं. न विचारता. मला कोर्टाचा कागद आला तेव्हा कळलं. रोज एका डब्यातलं खात होतो आम्ही."

मला हे माहीत नव्हतं. पण माझ्यातला ऐरोलीवाला वकील गप्प बसेना. "बाबा, पण साहेबाने त्रास दिला होता की नाही?"

"दिला होता."

टेस्टरने पॉज दाबला. मायकेल तोंड अर्धवट उघडं ठेवून स्क्रीनवर तसाच राहिला.

आम्ही मालिकेत किती सहज म्हणतो, अमुक असं वागला कारण त्याच्या मनात तमुक होतं! पात्रं मधेच कॅमेऱ्यासमोर येऊन मनातलं सांगतात, म्हणून ते जमतं. बाबांनी दिलेलं कारण खरं होतं, की इतक्या वर्षांत स्वतःला सांगून सांगून पक्कं केलेलं, ते मला आजही कळलेलं नाही. काका अजून महाडच्या बाजारात दिसतात. बाबा दिसले की दुसऱ्या बाजूने जातात.

आणि माझ्या इनबॉक्समध्ये एक फॉर्म पडून होता. आमची जुनी मॅनेजर दुसऱ्या टीममध्ये ढकलली गेली होती. तिच्याबद्दल 'गोपनीय फीडबॅक' द्यायचा होता. अर्धा मी भरलाही होता. वाक्यं माझी होती, विशेषणं मात्र नव्या बॉसने चहावर सहज पेरलेली. त्याच रात्री मागच्या पडवीत जाऊन मी तिला फोन केला. काय विचारलंय, मी काय लिहिलंय, सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला वाटतं ते लिही. पण तुला वाटतं ते." आणि ठेवला. मी दोन वाक्यं खोडली, एक ठेवलं. ते तिला आवडलं नसणार.

आत आलो तर बाबांनी मैत्रिणीला पकडलं होतं. "कागदाची कंपनी म्हणता, मग यांचं स्टोअर कोण बघतो?"

तिने त्यांना डॅरिल दाखवला. वेअरहाऊसचा प्रमुख, वरच्या लोकांच्या मूर्खपणाला वैतागलेला. बाबा सरसावून बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, पण जाण्याआधी मी त्यांच्या टॅबवर सगळे सीझन लावून दिले. इंग्रजी निम्मं कळतं, बाकीचं फोनवर विचारतात.

दोन महिन्यांनी रात्री अकराला फोन आला. सहाव्या सीझनपर्यंत पोचले होते.

"अरे, त्या स्टोअरवाल्याला वर केबिन दिली!"

मागून आईचा आवाज, झोपा आता. बाबांनी मला पुन्हा विचारलं, "पुढे काढून तर घेत नाहीत ना?"