कपटा का उडाला?

चि. सुमेध,

परवा तुझा फोन झाल्यापासून मला स्वस्थता नाही. पीव्हीसीची नळी लोकरीवर घासून तू मुलांना कागदाचे कपटे नाचवून दाखवलेस, फार बरं वाटलं. पण त्या सातवीतल्या मुलीनं विचारलं, "चिकटलेला कपटा मग का उडाला?" आणि तू म्हणालास, "पुढच्या वर्गात शिकशील." असं कसं रे म्हणवलं तुला?

१७३३ साली पॅरिसमध्ये द्यु फे नावाचा शास्त्रज्ञ याच कोड्यात गुंतला होता. घासलेली काचनळी सोन्याच्या वर्खाला आधी ओढायची, स्पर्श झाला की लोटायची. त्यानं त्याच वर्खाजवळ घासलेली राळ नेली. तीही लोटेल असं त्याला वाटलं होतं, पण वर्ख राळेकडे धावला! भार दोन प्रकारचे असतात, हे त्यातून कळलं.

तिला सांग, लोकरीतले इलेक्ट्रॉन नळीवर आले, नळी ऋण झाली. कपटा उदासीन, पण नळी जवळ येताच त्यातला ऋणभार किंचित मागे सरतो, धन बाजू नळीला जवळ पडते, म्हणून ओढ वरचढ ठरते. चिकटल्यावर नळीचे थोडे इलेक्ट्रॉन कपट्यावर जातात. दोघंही ऋण, मग कपटा उडणारच.

आणि "घर्षणाने भार निर्माण होतो" असं फळ्यावर लिहिलं असशील तर आधी पूस. निर्माण काहीच होत नाही! नळीवर जेवढा ऋण, तेवढाच धन लोकरीवर. अण्णांच्या खतावणीत एकाकडे जमा, दुसऱ्याकडे नावे असायचं ना, तसंच. हे एवढं मुलांना पक्कं कळू दे, बाकीचं धड्यातलं राहिलं तरी चालेल.

पण झोप उडाली ती तू फोनवर सांगितलेल्या दुसऱ्याच गोष्टीनं. जनरेटरचं पेट्रोल तू प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरतोस, तेही कॅन जीपमधल्या रबरी चटईवरून न उतरवता! त्या कॅनवरही असाच भार साचतो. डिसेंबरात तुमच्या विदर्भाची हवा कोरडी, भार झिरपून जायला वस्तूंवर ओलाव्याचा थरही नसतो. (आमच्या कोकणात श्रावणात तुझा प्रयोग फसलाच असता.) पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. बोटाला चटका देणाऱ्या ठिणगीत त्याहून जास्त असते. पंपावर टँकर रिकामा करतानासुद्धा आधी अर्थिंगची तार जोडतात, ती उगाच नव्हे.

धातूचा कॅन घे. भरताना तो जमिनीवर ठेव, नॉझल त्याच्या तोंडाला टेकलेलं असू दे, आणि तिथे उभं राहून स्वेटर काढू नकोस. सोमवारी पेट्रोल आणायला जाशील ना? त्याआधी मला फोन कर.

तुझी,
मावशी