गाण्यामागचा पटकथाकार

'दो आँखें बारह हाथ' कोणाचा, असे विचारले तर दहातले नऊजण व्ही. शांतारामांचे नाव घेतील. दहावा, तो जर आपल्या बाजूचा असेल तर, संगीतकार वसंत देसाईंचे घेईल, कारण ते शेजारच्या सावंतवाडीकडचे. थोडा जाणकार असेल तो त्यातल्या प्रार्थनेचे कवी म्हणून भरत व्यासांना आठवेल. ज्याने मुळात ही गोष्ट कागदावर उतरवली, तो मात्र कोणालाच आठवत नाही. ते होते ग. दि. माडगूळकर. होय, तेच, गीतरामायणाचे.

गदिमा म्हटले की आपल्या ओठांवर आधी गाणे येते, आणि त्यात गैर काही नाही. पण दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांशी ज्यांची लेखणी जोडलेली आहे, त्यांनी त्यांतल्या कितीतरी चित्रपटांची कथा, पटकथा आणि संवादही लिहिले. 'रामजोशी', 'पुढचं पाऊल', 'पेडगावचे शहाणे', 'लाखाची गोष्ट' ही त्यातलीच काही नावे. गाणी कर्ण्यावरून, रेडिओवरून, कॅसेटवरून घरोघरी गेली. पटकथेला असे घरोघर हिंडता येत नाही. ती पडद्यावर जळते आणि तिथेच विझते.

मला या पटकथाकाराची ओळख झाली ती आमच्या वाड्यावरच्या नाटकांमुळे. काही वर्षे जत्रेच्या नाटकांसाठी मी प्रवेश आणि पदे लिहून देत असे. गाता गळा असलेला एखादा नट तालमीत हटकून अडवायचा, "बाब, हांगा माका एक पद जाय." पद रचून देणे तसे फार कठीण नसते. त्या माणसाने नेमके त्याच घडीला का गावे, हे ठरवताना घाम फुटतो. त्या दिवसांत मी गदिमांचे जुने चित्रपट मुद्दाम शोधून पाहू लागलो, आणि पाठ असलेली गाणी पहिल्यांदाच आपापल्या घरात बसलेली दिसली.

'जगाच्या पाठीवर' (१९६०) मधले सुखदुःखाच्या धाग्यांचे गाणे घ्या. मी ते भजनाच्या बैठकीत ऐकले आहे, शोकसभेत ऐकले आहे. सगळे डोळे मिटून ऐकतात, जणू एखाद्या संताचाच अभंग. चित्रपटात ते तुरुंगात येते. राजा परांजपे कैद्याच्या वेषात मागावर बसले आहेत, आणि सुधीर फडक्यांचा स्वर उमटतो. विणलेल्या वस्त्राची उपमा कबीरापासून चालत आलेली आहे हे खरे, पण इथे ती समोरच्या मागावरून उचललेली आहे. आधी माग, मग गाणे. दृश्य सुचलेल्या माणसाला शब्द शोधत दूर जावे लागले नाही.

ही नजर आली कुठून? १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळ्यात जन्म, घरची गरिबी, औंध संस्थानातले शिक्षण, गणिताने अडवलेली मॅट्रिक. मग कोल्हापूर. तिथे वि. स. खांडेकरांकडे लेखनिकाचे काम, मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त (१९३८) लहानशी भूमिका, पुढे स्टुडिओतली उमेदवारी. १९४२च्या सुमारास गाणी सुरू झाली. 'युद्धाच्या सावल्या' हे नाटकही त्यांच्या नावावर आहे, पण रंगभूमीपेक्षा त्यांचा जीव पडद्यावरच रमला. थोडक्यात, दुसऱ्याने सांगितलेली कथा कागदावर कशी उतरते आणि कॅमेऱ्यासमोर ती कशी उभी राहते, या दोन्ही गोष्टी त्यांनी गीतकार म्हणून नाव होण्याआधीच पाहिल्या होत्या.

'दो आँखें'ची (१९५७) गोष्टही अशीच पाहण्यातली. सहा खुनी कैद्यांना बेड्यांविना माळरानावर नेऊन शेती करायला लावणारा जेलर आपल्याला सिनेमातली कल्पना वाटतो. पण औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत खरोखरच वसवली होती, आणि माडगूळकरांचे माडगूळ त्याच मुलखातले. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. माणदेशातला एक उजाड माळ जगभर फिरून आला.

इथे मला नेहमी एक गंमत वाटते. गंमत म्हणू की चुटपुट? 'दो आँखें', मग १९५९ चे 'नवरंग' आणि 'गूंज उठी शहनाई', या तिन्ही हिंदी चित्रपटांची कथा गदिमांची आणि तिन्हींची गाणी भरत व्यासांची. 'नवरंग'चा तर नायकच कवी! मराठीत ज्याच्या गाण्यांवर निर्माते जगत होते, त्याने हिंदीत गाण्याची जागा रिकामी सोडली आणि ती दुसऱ्या कवीला भरू दिली. भाषा आपली नव्हे, हे ओळखून. आमच्या नाटकमंडळींत दुसऱ्याचे पद आपल्या प्रवेशात घ्यायचे म्हटले तरी रुसवेफुगवे होतात; असो.

हे सगळे ध्यानात घेऊन गीतरामायणाकडे पाहिले की ते निराळेच दिसू लागते. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले आणि वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. यात निवेदन करणारा कवी जवळजवळ नाहीच. प्रत्येक गीत कोणाच्या तरी तोंडचे आहे, कोणाला तरी उद्देशून आहे, ठरावीक जागी उभे राहून म्हटलेले आहे. दशरथ, कौसल्या, शूर्पणखा, भरत, हनुमान, ज्याची त्याची बोली वेगळी. आरंभी कुश-लव रामासमोर गातात. ही आपलीच मुले, हे रामाला ठाऊक नाही, ऐकणाऱ्याला मात्र ठाऊक आहे. प्रसंग वाल्मीकींचा, पण पडदा तिथे उघडायचा हा निर्णय पटकथाकाराचा. आणि शेवटचे गीत पुन्हा त्या मुलांना गायला पाठवणाऱ्या वाल्मीकींच्या तोंडी.

गेल्या रामनवमीला मंडपातल्या पोरांनी ही गीते मोबाइलवर लावली होती. क्रम उलटसुलट करणारे बटण कोणीतरी दाबून ठेवलेले. सेतू आधी बांधला गेला, सीता मागाहून पळवली गेली. मी जाऊन ते बटण काढायला सांगितले. एका पोराने विचारले, "कित्याक? सगळीं गाणींच न्ही?" त्याला मी जवळ बसवून घेतले आणि पहिल्यापासून लावायला सांगितले.