उजेड कुठून येतो

अन्नाचे फोटो काढायला मी ज्या ताईंकडे शिकले, त्यांचा हा रोजचा व्यवसाय. पण तोरणा गडाच्या पायथ्याशी, वेल्ह्यातल्या एका जुन्या घरात त्यांनी आधी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. "उजेड कुठून येतोय ते सांग," एवढंच म्हणाल्या.

आषाढात वेल्ह्यावर ढग उतरले की सगळं आभाळच उजळून राहतं. स्टुडिओत पांढरं कापड ताणून मिळवायचा तो मऊ उजेड इथे पडवीत आयता मिळतो. पण चहूबाजूंनी आला तर तोच पदार्थाला सपाट करतो. म्हणून आत यायचं, दार लोटायचं आणि माजघराची एकच खिडकी उघडी ठेवायची.

नाचणीची भाकरी खिडकीजवळ ठेवली. कडेने सरपटत आलेला उजेड पापुद्र्यावर अडला आणि भाकरी थापणाऱ्या बोटांचे ठसे उमटून आले. ताईंनी पलीकडून पांढरा पुठ्ठा धरला. सावली उजळली, ठसे पुसट झाले. काळा पुठ्ठा धरताच ते परत आले. भाकरीला घाट सावली देते, हे तेव्हा डोळ्यांना कळलं.

मग शेजारी इंद्रायणीचा भात वाढला. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण १९८७ साली आला आणि भोर-वेल्ह्याच्या खाचरांत रुजला. आता एकाच ताटात पांढरा भात आणि गडद नाचणी होती. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर मात्र समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. त्याच्यावर सोडलं तर भात कळकट येतो, नाचणी फिकी पडते. म्हणून भातासाठी एक्स्पोजर वाढवायचं, नाचणीसाठी उतरवायचं. वाफ हवी तर उजेड मागून घ्यायचा आणि पाठीशी काळोख ठेवायचा.

अन्नाचा फोटो काही नवा नाही. छायाचित्रणाचा एक आद्य प्रवर्तक फॉक्स टॅलबट याने १८४४ ते १८४६ या काळात काढलेल्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकातही फळांच्या टोपल्यांचा फोटो आहे. फळं तासन्‌तास तशीच राहतात. वाफाळता भात थांबत नाही. म्हणून ट्रायपॉड, चौकट, फोकस सगळं रिकाम्या ताटावर जुळवायचं आणि अन्न शेवटी वाढायचं. वाफेसाठी धूर नाही, चकाकीसाठी ग्लिसरीन नाही, हा ताईंचा नेम, कारण ते ताट पुढे कुणीतरी जेवणार असतं.

भोर-वेल्ह्यात येणारे कॅमेरे गडांकडे आणि धबधब्यांकडे वळतात. त्याच पावसावर पिकलेलं हे अन्नही तितक्याच निष्ठेने पाहण्याजोगं आहे, असं मी आता ठामपणे मानते.