लालबागेतला शिकाऊ माळी

मार्च उजाडला की बंगळूरच्या रस्त्यांवर जॅकरांडाच्या निळ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडू लागतो. लालबागेत सहलीला आलेली कुटुंबे फोटो काढण्यात दंग असतात, तेव्हा एखादा शिकाऊ माळी वाफ्याशी उकिडवा बसून रोपे लावत असतो. बागकाम शिकायला येणाऱ्यांत शेतकऱ्यांची मुलेही असतात. मातीचे काम त्यांना जड जात नाही. जड जाते ते शहर. बसचे नंबर, खोलीचे भाडे, चार भाषांचा गलबला आणि दिवेलागणीला दाटून येणारी घरची आठवण!

सुमारे २४० एकरांची ही बाग हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केली. इथले प्रसिद्ध काचघर १८८९ चे. पण नवख्या माळ्याला धीर देणारी गोष्ट आहे गुस्ताव्ह क्रुंबिगल यांची. जर्मनीत जन्मलेले क्रुंबिगल लंडनच्या क्यू उद्यानात काम करत होते. १८९३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आले आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात. एका झाडाचा बहर ओसरला की दुसरे फुलावे, अशा बेताने त्यांनी बंगळूरचे रस्ते सजवले. १९५६ मध्ये याच शहरात त्यांनी देह ठेवला. जॅकरांडाही मूळचा इथला नव्हे, दक्षिण अमेरिकेतला.

नव्या जागी लावलेले रोप सुरुवातीला मान टाकते. माळी घाबरत नाही. सावली धरतो, पाणी देतो, वाट पाहतो. स्वतःच्या बाबतीत तेवढा धीर धरायला मात्र त्याला इथेच शिकावे लागते.