सीवर्डची कुत्री

अलास्काला निघालो तेव्हा वाडीतील मंडळींनी आम्हां उभयतांना लोकरीचे कपडे बांधून घेण्याचा आग्रह केला. प्रत्यक्षात जुलैच्या आरंभी अँकरेजला मुलीकडे उतरलो, तो रात्री अकरा वाजताही ऊन! दोन दिवसांनी तिने आम्हांला सुमारे २०० किलोमीटरवरील सीवर्ड या बंदरगावी नेले. तेथील उपसागराचे नाव ‘रेझरेक्शन बे’, म्हणजे पुनरुत्थानाचा उपसागर. अठराव्या शतकाच्या अखेरीस वादळात सापडलेल्या एका रशियन दर्यावर्दीला ईस्टरच्या सुमारास येथे आसरा मिळाला, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. नाव ऐकून आम्ही हरखलो. पण मुलीला दाखवायची होती ती बर्फावरून गाडी ओढणारी कुत्री.

गावाबाहेरच्या रानात त्यांचे शिबिर होते. पन्नासेक कुत्री, प्रत्येकाला लाकडी खुराडे आणि गळ्यात साखळी. “अहो, हा तर कोंडवाडा!” सौभाग्यवती कुजबुजल्या. आमच्याही मनात तेच आले होते. चित्रपटातील निळ्या डोळ्यांची, केसाळ कुत्री आम्ही शोधत होतो. ही मात्र सडपातळ, उंच पायांची, संकरित. वजन फार तर २५ किलो. आपल्या मासळीबाजारात कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नसते.

एवढ्यात शिकवणारी तरुणी हाती पट्टे घेऊन आली आणि एकच कल्लोळ उठला. कुत्री भुंकू लागली, खुराड्यांवर उड्या मारू लागली; ‘मला घे, मला घे’ असाच तो आकांत होता. उन्हाळ्यात बर्फ नसल्याने त्यांना चाकांच्या गाडीला जुंपतात. पुढे वाट ओळखणारी दोन, गाडीलगत अंगाने भक्कम अशी दोन. लगाम नाही, चाबूक नाही. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे. गाडी सुटताच सारा गलका थांबला. उरला तो केवळ पावलांचा आणि श्वासांचा आवाज.

फेरी लहानच होती. या कुत्र्यांना थंडीपेक्षा उष्म्याचे भय अधिक. म्हणून पहाटेच्या गारव्यात थोडे पळवायचे आणि लगेच पाणी दाखवायचे. १९७३ पासून नोमपर्यंत होणाऱ्या ‘इडिटरॉड’ शर्यतीत हीच जात सुमारे १,६०० किलोमीटर धावते. त्या शर्यतीत कुत्री दगावलीही आहेत, हे त्या तरुणीने लपविले नाही.

नोमची कथा मुलीने वाटेतच सांगितली होती. १९२५ च्या जानेवारीत तेथे घटसर्प पसरला. आगगाडीच्या मार्गावरील नेनानापासून २० गाडीवानांनी आणि सुमारे १५० कुत्र्यांनी ६७४ मैल औषध पोहोचविले, तेही साडेपाच दिवसांत. अखेरच्या टप्प्याचा म्होरक्या बाल्टो. त्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. सर्वांत लांब आणि धोक्याची वाट मात्र टोगोने काढली होती. पुढे बाल्टो व त्याचे काही सोबती लॉस एंजेलिसच्या एका हलक्या तमाशाघरात खितपत पडले. १९२७ साली क्लीव्हलंड शहरातील लोकांनी, शाळकरी मुलांनीसुद्धा, पैसे जमवून त्यांना सोडविले. पुतळा उभारून दोन वर्षेही झाली नव्हती!

परतताना ओसरीवर एक म्हातारा कुत्रा दिसला. गाडी निघाली तेव्हा तो मान वर करून रडला होता, हे तेव्हा ध्यानात आले. “बारा वर्षांचा आहे, आता माझ्या खोलीत झोपतो,” ती तरुणी म्हणाली. आणि सहज विचारले, “तुमच्याकडे होते का कामाचे जनावर?”

होते. आमच्या रहाटाचा बैल. डोळ्यांवर झापडे बांधून चौदा वर्षे तो विहिरीभोवती फिरला. त्याच्या फेऱ्यांवर केळी पिकली, आमच्या फीचे पैसेही त्यांतूनच निघाले. १९७४ साली विजेचा पंप आला आणि बाबांनी त्याला व्यापाऱ्याला विकले. दावे धरून रस्त्यापर्यंत नेले ते आम्हीच. झापडे काढलेली असल्याने तो बिचकत चालत होता. नोटा मोजून घेतल्या त्याही आम्हीच.

“काय नाव होते त्याचे?”

“राजा.”

“किती वर्षे जगला?”

सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिलो आणि त्याला पाणी कुठे ठेवतात, ते विचारले.