अर्धे छायाचित्र

स्मृती जपून ठेवण्याची हौस माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. कोणी ती शिळेवर कोरली, कोणी भूर्जपत्रावर लिहिली, तर कोणी चौकटीत बसवून भिंतीवर टांगली. आता शेकडो छायाचित्रे नखाएवढ्या मेमरी कार्डात मावतात. परंतु जागा लहान झाली, म्हणून जपणूक सोपी झाली असे मात्र नाही.

मे महिन्याच्या सुटीत आजोळी गेलेल्या बारा वर्षांच्या एका मुलीला याचा चांगलाच अनुभव आला. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता आणि मामाने आपला कॅमेरा विश्वासाने भाचीच्या हाती सोपवला होता. सकाळी पूजेपूर्वीच इंदूरहून आजीची धाकटी बहीण आली. दोघींची भेट नऊ वर्षांनी होत होती. हातात हात घेऊन त्या ओसरीवर बसल्या, तेव्हा मुलीने टिपलेले छायाचित्र त्या दिवसातले अगदी पहिले होते.

रात्री तिने कॅमेरा वायरीने संगणकाला जोडला. वायरीचे टोक सैल होते. पडद्यावर दोनतीन वेळा सूचना झळकली. ती न वाचताच मुलीने ‘ठीक आहे’ हे बटण दाबले. मग कार्ड रिकामे करून ती निश्चिंत झोपली आणि पहाटे उठून अंगणातल्या मोगऱ्याची चार छायाचित्रे काढून आली.

दुपारी सारी मंडळी संगणकाभोवती जमली. पहिले छायाचित्र उघडले. वरच्या भागात दोघी बहिणींचे हसरे चेहरे होते. खाली मात्र नुसता करडा पट्टा! पुढची कित्येक छायाचित्रे तशीच अर्धवट निघाली. काही तर उघडलीच नाहीत. मावशीआजी सकाळच्याच गाडीने परत गेल्या होत्या. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

मामा रागावला नाही. त्याने प्रथम कॅमेऱ्यातले कार्ड काढून बाजूला ठेवले.

“आता यावर एकही नवे छायाचित्र काढायचे नाही,” तो म्हणाला.

“पण मामा, कार्ड तर मी पुसून टाकले आहे!”

“तू पुसलीस ती अनुक्रमणिका. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, म्हणून आतली पाने नाहीशी होतात का? मात्र त्याच पानांवर कोणी नवे लिहिले, तर जुनी अक्षरे गेलीच म्हणून समज.”

संगणकाला चित्र दिसत नाही, दिसतात ते अंक. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र प्रथमच संगणकात उतरवले. त्यात १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ ठिपके, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते. आजच्या छायाचित्रात असे लक्षावधी ठिपके असतात. ते थोड्या जागेत मावावेत म्हणून जेपेग नावाच्या पद्धतीने त्यांचे अंक दाबून बसवलेले असतात. संगणक ही अंकांची रांग वरून खाली उलगडत जातो. रांग जेथे तुटते, तेथून पुढे त्याच्यापाशी दाखवण्यासारखे काही उरत नाही. सैल वायरीतून न पोहोचलेले अंक म्हणजेच तो करडा पट्टा.

पोथीचा आरंभ आणि समाप्ती जशी ठरलेली असते, तशी या छायाचित्रांचीही असते. प्रत्येकाच्या आरंभी २५५ आणि २१६ ही अंकांची जोडी असते, तर शेवटी २५५ आणि २१७ ही जोडी. मामाने संगणकाकडून सारे कार्ड अथपासून इतिपर्यंत वाचवून घेतले आणि या खुणांवरून छायाचित्रे शोधून काढली. त्रेसष्टांपैकी एकोणसाठ सहीसलामत परत आली. पहिल्या चारांच्या जागी मात्र मोगरा फुलला होता. त्यांतली तीन आदल्या रात्रीच संगणकात नीट पोहोचली होती. उरले एक, दोघी बहिणींचे. ते अर्धेच राहिले.

मुलगी खाली मान घालून बसली. आजीने तिला जवळ घेतले.

“चेहरे राहिले ना? मग हात काय करीत होते, ते मी सांगते. माझ्या बोटातली अंगठी ती फिरवीत होती. ही अंगठी आमच्या आईची. लहानपणी आईच्या मांडीवर बसून ती अशीच फिरवायची.”

मुलीने त्या अर्ध्या छायाचित्राची प्रत कागदावर काढली आणि करड्या पट्ट्यावर आजीचे शब्द सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवले.

धोब्याकडे कपडे देताना आपण मोजतो आणि परत घेतानाही मोजतो. त्या दिवसापासून मुलगी छायाचित्रेही तशीच मोजून घेऊ लागली. एकूण एक उघडून पाहिल्यावाचून ती कार्ड पुसत नाही. तिच्या छायाचित्रांच्या आता तीन प्रती असतात: एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दूर आजोळी, मामाच्या कपाटात. आणि पडद्यावर सूचना आली, की बटणाकडे गेलेला तिचा हात थांबतो. आधी ती सूचना शेवटपर्यंत वाचते.