सांधता येईल असं विमान

गेल्या दिवाळीत आकाशकंदिलाच्या काड्या तासता तासता भाची म्हणाली, "मामा, मला विमान बनवायचंय. रिमोटवर उडणारं." हातातली काडी खाली ठेवून तिने मोबाइलवरचा फोटो दाखवला. स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, चाफ्याच्या पाकळीसारखा निमुळता होत गेलेला पंख. "पहिलं हेच," ती म्हणाली.

तिची नजर मला ओळखीची होती. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना मीही असाच एका बारीक पंखांच्या ग्लायडरवर भुललो होतो. तीन आठवडे खपून केलेलं ते ग्लायडर पहिल्याच फेकीत मैदानाच्या कडेच्या दगडावर गेलं. ज्यांनी शिकवलं ते सर काही बोलले नाहीत. त्यांनी तुकडे वेचले, टेबलावर मांडले आणि माझ्यासमोर ब्लेड व डिंकाची बाटली ठेवली. त्या संध्याकाळी मला पंख आतून कळला.

म्हणून भाचीला उत्तर द्यायला मी दोन दिवस घेतले. सुंदर विमान दिसलं की मन तिकडे धावतं, पण ज्याच्या रूपात वेग असतो त्याच्या स्वभावातही असतो. असा निमुळता पंख वेग कमी पडला की टोकाकडून ढासळतो आणि विमान एका कुशीवर कोसळतं. नवशिक्याला विचार करायला दोन क्षण हवे असतात, आणि नेमके तेच तिथे मिळत नाहीत. पहिलं विमान घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं असावं, सांभाळून घेणारं. पंख धडाच्या वर, रुंद, तळाकडून सपाट, म्हणजे हळू उडतानाही ते तरंगत राहतं. आणि दोन्ही पंख टोकांकडे थोडे वर उचललेले, ओंजळ धरावी तसे. एक पंख खाली गेला की विमान त्या बाजूला घसरतं. घसरताना खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून भिडते, तो अधिक उचलला जातो आणि विमान आपोआप सरळ होतं. काय करावं हे सुचेना, तर रिमोटच्या कांडीवरचा अंगठा सैल सोडायचा. पुरेशी उंची असेल तर विमान स्वतःला सावरून घेतं.

ही ओंजळ फार जुनी आहे. आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवलं. अकरा सेकंदांत ते सुमारे चाळीस मीटर गेलं. आत माणूस नव्हता, दुरून हुकूम देणारं यंत्रही नव्हतं. वर वळवलेली पंखांची टोकं आणि मागची शेपटी एवढ्यावर त्याने आपला तोल राखला. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, अमेरिकेत ऑर्व्हिल राइट जन्मला. पुढे १८७८ मध्ये वडिलांनी त्याला आणि विल्बरला पेनोच्या धर्तीचं एक उडतं खेळणं आणून दिलं: बूच, बांबू, कागद आणि रबर. खेळता खेळता ते मोडलं. मग त्या पोरांनी तसंच दुसरं स्वतः बनवलं. राइट बंधूंच्या गोष्टीत मला सर्वांत आवडतो तो हा मोडण्याचा दिवस. खेळणं धडधाकट राहिलं असतं, तर ते आत कसं आहे हे बघायला त्यांचे हात गेले असते का?

आता प्रश्न उरला, बनवायचं कशाचं? माझं मन बाल्सात अडकलेलं. इक्वेडोरच्या जंगलांत झपाट्याने वाढणारं हे झाड, लाकूड इतकं हलकं की १९४७ साली नॉर्वेचा संशोधक थोर हायरडाल याच लाकडाच्या ओंडक्यांच्या 'कॉन-टिकी' तराफ्यावरून १०१ दिवसांत पॅसिफिकमधून पॉलिनेशियाला पोचला. बाल्साच्या पातळ फळीतून पंखाच्या फासळ्या कापाव्यात, त्या एका कण्यात ओवाव्यात, वर कागद ताणून बसवावा. आकाशकंदिलाचीच विद्या ती, फक्त आत दिव्याऐवजी वारा. पण बाल्साचा सांगाडा उभा राहायला काही आठवडे जातात, आणि पहिल्या दिवशीच तो मोडला तर चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात काय मोडेल, हे मी जाणून होतो.

म्हणून निवडलं फोमबोर्डचं 'टायनी ट्रेनर'. अमेरिकेतल्या 'फ्लाइट टेस्ट' मंडळींचा हा आराखडा. पंखाचा विस्तार साधारण तीन फूट. त्याला दोन तऱ्हेचे पंख करता येतात: आधी टोकं वर उचललेला, शिकण्यासाठी, हात बसला की सपाट, कलाटण्या घेण्यासाठी. विमान तेच, पंख मुलीबरोबर वाढणारा. एकच सावधगिरी, आपल्याकडे पाट्या रंगवणाऱ्यांकडे मिळतो तो सनबोर्ड वजनाला जड. दोन कागदांच्या मध्ये हलका फोम असलेला बोर्डच घ्यायचा. ट्रान्समीटर मात्र मी चांगला घेतला. विमानं येतील, जातील. अंगठ्यांना ज्याची सवय होते ती वस्तू तीच.

डिसेंबरभर तिची टेबलावर कापाकाप चालली. कागदाचा एक पदर आणि फोम कापायचा, दुसरा पदर राखायचा, म्हणजे त्याचीच बिजागरी होते. हॉट ग्लूचा वास, बोटांना बसलेले दोन-तीन चटके. काडेपेटीहून लहान सर्वो पहिल्यांदा 'चर्र' करून वळला आणि शेपटीचा पडदा हलला, तेव्हा ती दचकून हसली. पंख धडाला चिकटवायचा नाही, बांबूच्या काड्यांना रबरबँड अडकवून नुसता बांधायचा, म्हणजे आपटलं तर पंख सुटून बाजूला पडतो, तुटत नाही. मग तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर दोन्ही बाजूंनी एकेक बोट लावून तिने विमान उचललं. शेपूट खाली झुकली. बॅटरी अर्धा इंच पुढे सरकवली, आणि ते दोन बोटांवर आडवं, स्तब्ध राहिलं. बॅटरी तेवढी माझ्या समोरच चार्ज करायची, हा आमचा करार.

जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही खटावकडच्या माळावर गेलो. 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो पट्टा हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, जवळ वस्ती नाही, वारा अजून उठलेला नाही, आणि पडलं तर झेलायला वाळलेलं गवत. मी विमान वाऱ्यासमोर सोडलं. ते वर गेलं, वळलं, आमच्याकडे तोंड करून येऊ लागलं आणि तिचं डावं-उजवं उलटं झालं. "जो पंख खाली दिसतोय, त्याच्याकडे कांडी ढकल," मी ओरडलो. एकदा जमलं. दुसऱ्यांदा नाही. विमान गोते खात गवतात शिरलं.

ती धावत गेली. मी मुद्दाम हळू चाललो. पोचलो तेव्हा तिने सुटलेला पंख मांडीवर घेतला होता. नाक चेपलं होतं, एका टोकाला चीर गेली होती. डोळे भरलेले, पण बोट त्या चिरेवरून फिरत होतं. "आतली पट्टी शाबूत आहे," ती म्हणाली. ती पट्टी तिनेच बसवली होती, म्हणून तिला ते न उघडता कळलं. गाडीतच चिकटपट्टी लावून आम्ही ऊन चढायच्या आत पुन्हा दोनदा उडवलं.

आता उन्हाळा आहे. विमानावर पाच ठिगळं आहेत आणि प्रत्येकावर तिच्या अक्षरात तारीख. माझ्या कपाटात बाल्साच्या फळ्यांचा एक गठ्ठा येऊन पडला आहे. त्याबद्दल मी अजून तिला बोललेलो नाही. काल तिने तो जुना फोटो पुन्हा काढला. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, ह्याचा पंख मोडला, तर आत सांधा कुठे द्यायचा?"

मी उठलो आणि कपाट उघडलं.